टेकडीसाठी उतरवलेलं ओझं

दिंडोरी रोडजवळ हौशी लोकांची मोटार टेकडीवर चढवायची शर्यत होती. गाडी हलकी व्हावी म्हणून मी स्टेपनी, मागची सीट, अगदी पायपुसणीसुद्धा काढली होती. तरी ती अर्ध्यात धापा टाकून थांबली. शंभर किलोंचा मी आत बसलो होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

माझ्यामागून आलेल्या बाईंची जुनी, लहानशी गाडीही तिथंच अडकली. त्यांना आणखी एकच संधी होती, चढली नाही तर त्या बाद. द्राक्षबाग कसणाऱ्या होत्या. घडातले जादा मणी काढावेत तशा त्या प्रत्येक वस्तूला हात लावत, क्षणभर थांबत आणि ती बाहेर देत.

"अहो, उतरा," त्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची सीट पण काढायचीय."

मी विचारलं, "ताई, एवढं काढताना भीती नाय वाटत?"

"दादा, मणी काढायला जीव कचरला, तर उरलेले फुगत नाय."

मग गाडी निघाली. चढावर इंजिनाचा आवाज एकदाही पडला नाही. आम्ही सगळे खालून बघत होतो. गाडी माथ्यावर पोचली आणि तिथंच बंद पडली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

नवरा उतरवलेल्या सामानातला पेट्रोलचा कॅन शांतपणे उचलून चढावर चालू लागला. "काय नाय हो. पेट्रोल संपलं. वर जाण्यापुरतंच ठेवलं होतं तिनं."

मी सकाळीच टाकी फुल्ल करून आलो होतो.