सासूबाईंची अकरा झाडं

मी माझ्या सासूबाईंची अकरा झाडं मारली आहेत.

आज आईंना जाऊन सोळा वर्षं झाली. आता कबुली द्यायला हरकत नाही.

आई म्हणजे माझ्या बायकोची, मंजूची आई. वसईजवळ गोखिवऱ्यात बैठं घर, पुढे लहानसं अंगण. नव्वदच्या दशकात तिकडे पाण्याची नुसती बोंब. टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन धावायची. गुलाब-मोगऱ्याला पाणी कोण घालणार?

मग आईंनी कमी पाण्यावर जगणारी झाडं जमवायला घेतली. सक्युलंट हा शब्द आम्हाला माहीतच नव्हता. आम्ही सगळ्यांना सरसकट निवडुंग म्हणायचो आणि ओरडा खायचो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, दारात काटेरी झाड लावू नये. घरात भांडणं होतात."

आई म्हणाल्या, "तुळस एकटी होती तेव्हाही होतच होती."

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. अंगणसुद्धा वर्गासारखं. बुटके पुढे, उंच मागे.

कडेला ऑफिस-टाइमची गुलाबी-पिवळी फुलं, दहाच्या सुमाराला उमलणारी. त्यामागे लालसर कडांची जाड पानं. एकदम मागे पिवळ्या पट्ट्यांचं घायपात. आणि मधोमध खास मंडळी. डोक्यावर रंगीत गोळ्याचं कलम, म्हणजे लाल, पिवळ्या, नारंगी टोप्या घातलेले अकरा चिमुकले निवडुंग.

"एका रंगाचे दोघं शेजारी बसवायचे नाहीत," आई सांगायच्या. "गप्पा मारतात."

अकराही जणांना जुन्या विद्यार्थ्यांची नावं. दगडू, फ्लोरी, शिरीष वगैरे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन हजेरी.

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, तीन आठवडे दादरला, मामांकडे राहणार होते. आम्ही जवळच भाड्याने राहायचो. किल्ली माझ्याकडे आली.

"मिलिंदराव, पाणी पंधरा दिवसांतून एकदा. तेही चमच्याने. बाकी काही करू नका. तुम्ही काही केलं नाहीत, तर सगळं नीट राहील."

आता मला सांगा, जावयाला पहिल्यांदा काहीतरी सोपवलंय आणि म्हणतात काही करू नका.

एप्रिलचं ऊन. ती टोपीवाली मंडळी मला फार केविलवाणी दिसायला लागली. मी रोज ऑफिसला जाण्याआधी एकेक मग पाणी घातलं.

नवव्या दिवशी प्रेमाने दगडूच्या टोपीला हात लावला.

टोपी हातात आली. पिकून सडलेल्या चिकूसारखी.

रविवारपर्यंत अकराही गेले.

मी मंजूलासुद्धा सांगितलं नाही. ऑफिसला दांडी मारली आणि स्कूटरवरून वसईतल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी सांडोरच्या वाटेवर एकाकडे टोपीवाले मिळाले. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

"साहेब, पानी जास्त झालं ना?"

"हो. माझ्या सासूबाईंची आहेत. गोखिवऱ्याच्या बाई."

त्याचा चेहरा पडला. "बाईंची? मी त्यांच्या वर्गात होतो. मी तुम्हाला काही विकलं नाय हां!"

अकरा कुंड्या मात्र विकल्या.

आई परतल्या. डोळ्यांना हिरवा चष्मा. मी मनात म्हटलं, चला, अजून नीट दिसत नसणार.

मोतीबिंदू काढल्यावर माणसाला आधीपेक्षा जास्त दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी अंगणात एक फेरी मारली. चहा झाला. मी सुटलो म्हणून उठलो.

"मिलिंदराव, फ्लोरी कुठंय?"

"कोण फ्लोरी?"

"नारंगी टोपीची. डावीकडे कलते ती. तिच्या जागेवर ही सरळ बसलीय, ही कोण?"

अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. मंजू माझ्याकडे बघायला लागली.

"गेली, आई."

"आणि बाकीचे दहा?"

"तेही."

मला वाटलं आता माझी पाळी. पण आई शांतपणे म्हणाल्या, "गेलं तर गेलं म्हणून सांगायचं. त्याच्या जागी दुसरा आणून बसवायचा नाही. मी काय तुम्हाला खाणार होते?"

मग वही काढली. "बसा. ह्या अकराजणांची नवीन नावं तुम्ही ठेवायची."

मी घाबरून आमच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांची नावं दिली. पुढे कितीतरी वर्षं माझ्या साहेबांची रोज सकाळी गोखिवऱ्यात हजेरी लागायची.

मग आई आजारी पडल्या. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. घरात ठरलं की त्यांना ॲसिडिटी सांगायची.

दोन दिवसांनी मी एकटाच सापडलो. आई पायरीवर बसल्या होत्या.

"मिलिंदराव, रिपोर्ट काय म्हणतो?"

मी सांगितलं. सगळं.

"किती दिवस?"

"पावसाळ्यापर्यंत, म्हणालेत."

त्यांनी अंगणातल्या कुंड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "तर यंदा कुंड्या मे महिन्यातच आत घ्या. जूनमध्ये तुम्ही सगळे रडत बसाल आणि माझी झाडं पावसात कुजतील."

घेतल्या. एकशे चाळीस कुंड्या. मी आणि मंजूने, दोन रविवार लावून. आई खुर्चीत बसून कोणाला कुठे ठेवायचं ते सांगत होत्या.

त्या गेल्या त्या दिवशी पहाटेपासून पाऊस धरला होता. माणसं यायला लागली. त्यांच्या शाळेतल्या बाई, गल्लीतले सगळे, केस पिकलेले विद्यार्थी. आणि हॉलमध्ये कुंड्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही.

पावसात उभं तरी किती राहणार?

शेवटी शेजारच्या काकू पुढे झाल्या. एक कुंडी उचलली, त्या जागी बसल्या आणि कुंडी मांडीवर घेतली. मग दुसऱ्याने घेतली. मग सगळ्यांनीच.

चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर एक कुंडी, मुसमुसत बसलेली. काटे टोचत होते, पण कोणी खाली ठेवली नाही.

मंजूने मान वर करून हे बघितलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. मग अण्णांना. मग सगळ्या हॉललाच.

बाहेर पाऊस कोसळत होता. कुंडी एकही फुटली नाही.

आई, तुमच्या जावयाचा मनापासून नमस्कार.