आमचा बिनविरोध उमेदवार

मला अजूनही राग येतो, आणि तो गेला असं मी कोणाला खोटं सांगणार नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होऊन बरेच महिने उलटले, पण क्वीन्सटाउनला काकांच्या घरी खाल्लेला तो मसालेभात आठवला की माझं डोकं तापतं. भात उत्तम होता. राग भातावर नाही.

सिंगापूरला आलं तरी माणूस आपलं पॅनेल सोबत घेऊन येतो. मंडळात दोन पॅनेलं आहेत. एक जुन्यांचं, म्हणजे इथे घरं घेऊन, पोरंबाळं वाढवून स्थिरावलेल्यांचं. दुसरं नव्यांचं, म्हणजे विद्यापीठात शिकायला किंवा संशोधनाला आलेल्यांचं आणि नोकरीचा पास घेऊन नुकत्याच उतरलेल्यांचं. मी राहते क्लेमेंटीला, नव्यांच्या गराड्यात, पण मोजली जाते जुन्यांत. कारण मुलांचा शनिवारचा मराठी वर्ग मी घेते आणि तो जुन्यांनी सुरू केलेला. मंडळाला कम्युनिटी क्लबमध्ये शनिवारी एक खोली मिळते, त्यात हा वर्ग भरतो. नव्यांना ती खोली नाटकाच्या तालमींसाठी हवी होती. वर्ग ऑनलाइन घ्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे अध्यक्ष कोण होणार यावर माझा वर्ग राहणार की जाणार हे ठरणार होतं.

आमच्याकडून अध्यक्षपदाला दादा उभे राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दादा तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दिसायला रुबाबदार, गणपतीत ढोल वाजवणारे, कोणाच्याही अडीअडचणीला धावणारे. माणूस चांगला, यात वादच नाही. फक्त इतक्या वर्षांत त्यांना कोणी उलट प्रश्न विचारला नव्हता. म्हणून मी पॅनेलच्या बैठकीआधी काकांना कळवलं की मीही इच्छुक आहे. आधी आपल्यातल्या आपल्यात लढत होऊ दे, दोघांना समोर बसवा, हवं ते विचारा, मग मतं घ्या. दादा जिंकणार हे मला दिसत होतं. पण जिंकण्याआधी वर्गाबद्दल चार अवघड प्रश्न त्यांच्या कानांवरून जावेत, एवढीच माझी इच्छा होती.

काका म्हणजे मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी पॅनेलला जेवायलाच बोलावलं. ताटं वाढून झाल्यावर मला म्हणाले, "अगं, आपल्यात ही पद्धत नाही. नाव एक आणि टाळ्या सगळ्यांच्या. तुम्ही दोघं आपसात भांडलात तर समोरच्यांना आयतंच सापडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण काका, मूठ कधीतरी उघडावी लागतेच ना?"

"निवडून आल्यावर उघडू की," ते म्हणाले आणि सगळे हसले.

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात काकू आतून हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. समजूतदारपणे माघार घेतली म्हणून. मी माघार घेते असं अजून म्हणालेही नव्हते. पण ओटीत नारळ पडल्यावर भांडायला बाई उठेल कशी, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणुकीतून उठवण्यासाठी ओटी भरलेली जगातली मी पहिलीच बाई असेन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, माझा मार तर हळदकुंकू लावून झाला.

मग दादांनी छोटं भाषण केलं. त्यात त्यांचा ठरलेला विनोद होता: "ही मंडळी काल उतरली, बॅगांचे टॅग अजून निघाले नाहीत आणि आम्हाला मंडळ चालवायला शिकवतात." नेहमीप्रमाणे हशा पिकला. त्या घरात हा विनोद पडणं शक्यच नव्हतं, कारण ज्यांच्यावर होता त्यांच्यातलं कोणी तिथे जेवायला नव्हतंच.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी नवऱ्यावर राग काढला. नवरा विद्यापीठात संशोधन करतो आणि त्याचा विषयच हा आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, त्या लढतीने आघाडीवरच्या उमेदवाराचं भलं होतं की नुकसान, यावर तो वर्षानुवर्षं डोकं खपवतोय. मी नारळाची पिशवी मांडीवर घेऊन त्याला विचारलं, "मग काय होतं शेवटी?"

"दोन्ही होतं," तो म्हणाला.

इतकी वर्षं शिकून माणूस हे उत्तर देतो. मग त्याने पुढे सांगितलं, "लढत घाण झाली तर जखमा राहतात. बरी झाली तर माणूस तयार होतो."

"आणि झालीच नाही तर?"

"तर पहिला अवघड प्रश्न त्याला विरोधक विचारतो."

आणि झालंही तसंच. सर्वसाधारण सभेत दोन्ही उमेदवार बोलले, मग प्रश्न सुरू झाले. क्लेमेंटीला खोली भाड्याने घेऊन राहणारी एक विद्यार्थिनी उठली. आवाज साधा, नम्र. म्हणाली, "दादा, शनिवारच्या वर्गातलं एखादं मूल इथे चार वाक्यं मराठीत बोलेल का? बोललं तर मी तुम्हाला मत देईन."

या प्रश्नाला उत्तर होतं. एक मुलगा आजोबांशी फोनवर इंग्रजीतच बोलायचा, तो आता त्यांना कोडी घालतो. चौथ्या रांगेत बसलेली एक चुणचुणीत मुलगी चार काय, चाळीस वाक्यं बोलली असती. दादांना यातलं काहीही माहीत नव्हतं, कारण ते वर्गात फक्त बक्षिसं वाटायला यायचे. मी उठले तर सभेच्या अध्यक्षांनी सांगितलं की उत्तर उमेदवारानेच द्यायचं. दादा हसले आणि म्हणाले, "तुम्ही मंडळी काल उतरलात, बॅगांचे टॅग तरी निघाले का?"

कोणी हसलं नाही. निम्मा हॉल काल उतरलेल्यांनीच भरला होता. दादांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी तेच वाक्य माईक जवळ घेऊन पुन्हा म्हटलं. माझ्या शेजारी काका मान खाली घालून बसले होते. मला त्या क्षणी दादांची कीव आली आणि काकांचा संताप आला. या माणसाला आम्ही टाळ्या वाजवत, ढोल बडवत तिथवर नेलं होतं आणि वाटेत एकानेही त्याला सांगितलं नव्हतं की हा विनोद दुसऱ्याच्या मनाला लागतो.

दादा पडले. तालमी खोलीत आल्या आणि वर्ग पडद्यावर गेला. ज्या मुलांना मी हाताला धरून अक्षरं गिरवायला लावायचे, त्यांचे आता काळे चौकोन दिसतात. नाव पुकारलं की आतून कुणीतरी काहीतरी चावत चावत इथल्या इंग्रजीच्या ढंगात "प्रेझेंट लाह" म्हणतं. सतरंज्या अंथरायला लवकर येणारी मुलगी तर दिसेनाशीच झाली. मला नव्यांचा राग नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि निवडणूक जिंकली. राग आहे तो एकजुटीच्या नावाखाली आपल्याच माणसाला आंधळं ठेवणाऱ्यांचा.

मध्यंतरी काकांचा फोन आला. मंडळाची निवडणूक दरवर्षी असते, ती पुन्हा तोंडावर आली होती. म्हणाले, "या वेळी तूच. कोणी आडवं येणार नाही, ते मी बघतो. बिनविरोध."

"उभी राहते, काका. पण आधी माझ्यासमोर कोणालातरी उभं करा."

"अगं, आपलेच दात, आपलेच ओठ."

"मग चावू देत."

पुढे कोणीच येईना. शेवटी दादांचा फोन आला. हरल्यापासून ते मंडळाकडे फिरकले नव्हते. "वहिनी, मी राहतो तुमच्यासमोर उभा," एवढंच बोलले.

तर गेल्या रविवारी पुन्हा काकांचं घर, पुन्हा मसालेभात, तीच माणसं. मी वर्गाबद्दल बोलले. खोली परत कशी मिळवायची, नव्यांना शिकवायला कसं बोलवायचं, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत दादा थांबले, मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमची स्वतःची मुलगी तुमच्या वर्गाला का येत नाही?"

"शनिवारी तिला शाळेत नेटबॉल असतो," मी नेहमीचं उत्तर दिलं.

"माझी मुलगी त्याच शाळेत त्याच टीममध्ये आहे. शनिवारी नेटबॉल नसतो."

माझी कानशिलं तापली. इतका राग मला निवडणूक हरल्यावरही आला नव्हता. माझ्या घरातली गोष्ट, आणि तीही सगळ्यांसमोर. मुलगी मला तोंडावर "सो बोरिंग, आई" म्हणते हे या माणसाला कळलं कसं, आणि कळलं तरी विचारायचं धाडस कसं झालं. काका मध्ये पडले. "अरे, हे काय विचारणं झालं? मिटवा, मिटवा." काकू लगबगीने आत गेल्या आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात नारळ होता आणि त्या दादांकडे निघाल्या होत्या.

"काकू, नारळ आत ठेवा," मी म्हटलं. "त्यांनी माघार घेतलेली नाही."

मग मी दादांकडे वळले. राग तसाच होता, पण सभेत हाच प्रश्न आला असता तर मी काय बोलले असते ते मला माहीत होतं. मी नेटबॉलच म्हणाले असते. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि माझी मुलगी वर्गाला का येत नाही ते सांगायला लागले.