वहिनीनं वाजवलेली घंटा

सुधीरचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ‘आत्या, आई गेली,’ एवढंच तो म्हणाला, आणि मी सवयीनं विचारलं, ‘कुठं?’ इंदूवहिनी, माझी थोरली भावजय, म्हातारपणीसुद्धा घरात सापडेल तर शपथ. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाचं लोणचं घालायचं, कुणाला हैदराबादच्या कोठी भागातल्या दवाखान्यात सोबत... तिकडून सुधीरनं तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मेथी तशीच राहिली. आता काही आठवडे उलटलेत, रडूनही झालंय, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलेय. तिची नातवंडं मराठी अक्षर लावून लावून वाचतात, तेव्हा हा लेख मलाच त्यांना वाचून दाखवावा लागणार, हे मला माहीत आहे.

वहिनी आमच्या घरात आली ती हैदराबाद राज्याचे तुकडे होत होते त्या दिवसांत. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी मुलूख म्हैसुरात, आणि आम्ही हैदराबादचे मराठी लोक नव्या आंध्र प्रदेशात. सरकारी नोकरांना विचारलं जात होतं, औरंगाबादकडे जाता की इथंच राहता? माझे थोरले भाऊ अण्णा महसूल खात्यात होते. त्यांचा जन्म हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीचा, शिक्षण उर्दूतलं, आणि चहासुद्धा इराण्याच्या हातचाच लागायचा. त्यांना कुठं जायचं नव्हतं. वहिनी मात्र मराठवाड्यातल्या पाथरीकडच्या शेतकऱ्याची लेक. तिकडं भाऊबंद, ओळखीची बोली, शेजार. तिनं हट्ट धरला नाही, पण तिचं उतरलेलं तोंड बघून अण्णांचा निर्णय होईना. ते गेले असते तर आई आणि मी मागे उरलो असतो, माझं कॉलेज बुडालं असतं, म्हणून मी देवाला रोज एकच मागणं घालत होते. त्यातच अण्णांना काही महिन्यांसाठी किनाऱ्यावर, मछलीपट्टणच्या कचेरीत धाडलं. सगळे त्या गावाला नुसतं बंदर म्हणतात. सुट्टीत वहिनीला सोबत म्हणून मी गेले.

बंदर कधीकाळी गोवळकोंड्याचं नाक होतं म्हणे. आम्ही पाहिलं तेव्हा समुद्र गाळ टाकून लांब सरकला होता, आणि उरल्या होत्या पडक्या वखारी, वाळत घातलेली मासळी आणि दमट खारा वारा, ज्यात पापड कधी कुरकुरीत राहिला नाही. अण्णा दिवसभर कचेरीत. वहिनीला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, भाजीवालीशी ती बोटांनी बोलायची आणि दोघी एकमेकींवर चिडायच्या. एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, ‘वन्सं, इथं पडले-झडले तर हाक कुनाला मारू वो? मारली तरी कोन येईल?’ मी हसण्यावारी नेलं. पण ती हसत नव्हती. औरंगाबादला जायचं ते ह्याचसाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

एका रविवारी दुपारी अण्णा आम्हाला तिथलं जुनं चर्च दाखवायला घेऊन गेले. गॉथिक बांधणी हा शब्द त्यांनीच मला शिकवला. टोकदार कमानी, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखं वर जाऊन मिळणारं छत, उंच खिडक्यांना रंगीत काचा, आणि दारावरच एक बुरूज. बाहेर समुद्रापार मेलेल्या... म्हणजे समुद्रापारहून येऊन इथं मेलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कबरी. अण्णा त्यांच्यावरची अक्षरं वाचत रेंगाळले. आभाळ भरून आलं होतं. मी आत जाऊन काचांकडे बघत उभी राहिले, ढगांआडून मधेच ऊन आलं की लाल-निळा उजेड माझ्या पातळावर पडायचा आणि मी स्वतःवरच खूश होते.

वहिनी मागून आली ती तिच्या पद्धतीनं. चपला बाहेर काढल्या, हापशावर पाय धुतले, पदराखाली नारळ होताच, कारण देवाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. दारात तिनं वर पाहिलं. बुरुजातून एक जाडजूड दोर खाली लोंबत होता. देवळात पाऊल टाकताना घंटा वाजवायची, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तो तिच्या हाताचाच गुण होता. दोर जड निघाला म्हणून तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ओढला.

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. खिडक्या थरथरल्या, कबुतरं उडाली, आणि वहिनी घाबरून दोर सोडायच्या ऐवजी त्यालाच धरून राहिली, त्यामुळे घंटा आणखी वाजत गेली. अण्णा धावत आले. त्यांच्यामागे सगळं बंदर. जाळी टाकून आलेले कोळी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, हातात दोरखंड घेतलेले दोघं-तिघं, एक म्हातारा तर पाठीवर म्हातारीला घेऊन. पाद्री अर्धा जेवून उठलेला, हात भाताचेच. तो पूर्वी सिकंदराबादेत राहिलेला, त्यामुळे बोली आमचीच, हैदराबादी दख्खनी. अण्णांना म्हणाला, ‘ये घंटा प्रार्थना को बजता साब, नइ तो तुफान को. अब प्रार्थना का वक्त तो नइ है.’ म्हणजे तुफान आलं समजून सगळं गाव ह्या दगडी चर्चात आसऱ्याला आलं होतं.

वहिनी पांढरीफटक. आता मारतात की काय, असं मलाही वाटलं. पाद्र्यानं विचारलं, बाईंनी घंटा का वाजवली? अण्णांनी तिला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, ‘देवाला सांगाया नको का, आमी आलो म्हनून?’

अण्णांनी ते दख्खनीत सांगितलं, पाद्र्यानं तेलुगूत. आधी तो म्हातारा हसला, मग त्याच्या पाठीवरची म्हातारी, मग सगळेच. एका कोळणीनं पुढं होऊन वहिनीला पायरीवर बसवलं, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणत राहिली, ‘भयपडकु अम्मा, भयपडकु.’ अर्थ सांगावा लागला नाही. पाद्र्यानं नारळ बाहेर दगडावर फोडून आणला आणि स्वतः सगळ्यांना खोबरं वाटलं. तुफानाला भिऊन आलेली माणसं खोबरं खात घरी गेली.

परतल्यावर घराचं कुलूप काढता काढता वहिनी अण्णांना म्हणाली, ‘अहो, कळवून टाका. आपन हैदराबादलाच ऱ्हाऊ. हाक मारली की येतात हितली मानसं.’ अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड फिरवून रडून घेतलं, कारण माझं मागणं पुरं झालं होतं.

चिक्कडपल्लीला परत आल्यावर तिनं पहिली खरेदी केली ती बेगम बाजारातून पितळी घंटेची. व्हरांड्यात टांगली, तिला लांब दोरी बांधली आणि गल्लीत सांगून ठेवलं, अडलं-नडलं तर वाजवा. लोकांनी खरंच वाजवली. बाळंतपणाला वाजवली, संचारबंदीत दूध संपलं म्हणून वाजवली, उगाच भांडण सांगायलाही वाजवली. त्या व्हरांड्यातच ती तेलुगू शिकली. ते ऐकून तेलुगू बायका तोंडाला पदर लावायच्या आणि ती मात्र ठणकावून बोलायची. अण्णा गेले त्या दिवशी तिनं स्वतः दोरी ओढली. घरची घंटा तिनं वाजवली ती तेवढी एकदाच.

परवा मी त्या घरी गेले. सुधीर आणि सूनबाई कामावर, किल्ली माझ्याजवळ होतीच. पण पायरी चढले आणि हात आपोआप दोरीकडे गेला. वाजवून झाल्यावर कळलं की आता आतून कुणी येणार नाही. मी तिथंच उभी राहिले... तेवढ्यात समोरचं दार उघडलं, रेड्डीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू पोरगी अनवाणी जिना उतरली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गरम इस्त्री ठेवून पळत आला. सगळ्यांचा एकच प्रश्न, काय झालं?

काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, वहिनीला सांगत होते, मी आले म्हणून.