किनाऱ्यापासून वीस हात

झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी बरुआसागरच्या तलावासाठी एक लहान होडी केली. फळ्या स्वतः पारखून आणल्या, रंधा स्वतः मारला. पाच-सहा वर्षं ते दर आठवड्याला बसने जाऊन ती वल्हवत. मग हृदयाची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी वल्हवणं बंद करायला लावलं आणि होडी माझ्याकडे आली. मी शाळामास्तर, मला फक्त रविवार मोकळा.

काठावर बांधलेल्या होडीचे हाल होत होते. म्हशी अंग घासायच्या, पोरं चढून उड्या मारायची, आणि एका रविवारी बसायची फळीच उखडलेली सापडली. तिथे शिंगाड्याची वेल लावणारा एक ढीमर, म्हणजे तिकडचा कोळी, होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "मास्साब, किनारे पे मत छोड़ो. भीतर बाँधो, गहरे में."

आम्ही दोघांनी मिळून एक मोठा दगड दोराने आवळला आणि वीसेक हात आत नेऊन सोडला. होडी त्या दोराला बांधली. तिथे पाणी डोक्यावर जातं, त्यामुळे म्हशी नाहीत, पोरं नाहीत. मला तिथवर न्यायला त्याची छोटी डोंगी होतीच. मी निर्धास्त होऊन स्कूटरवर घरी आलो.

तीन आठवड्यांनी मला पहिल्यांदा खटकलं. मी दोराला साधी गाठ मारून गेलो होतो. आता तिथे दुहेरी फासाची नेटकी गाठ होती. तळाशी पाणी साचायला हवं होतं, पण होडी कोरडी होती, कुणी उपसल्यासारखी. मी ढीमराला विचारलं, "भैया, मेरी नाव कोई चलाता है क्या?"

कुणालाच पाहिलं नाही, असं तो वेलीकडे बघत म्हणाला, "हमने तो कोऊ खों नईं देखो."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे माझ्या मनात रुतून बसलं. परतताना सबंध रस्ता मी हिशेब जुळवत होतो. होडी आत बांधायचा सल्ला त्याचा. आत गेल्यावर तिथवर पोचायचं साधन त्याच्याच हातात. म्हणजे मी आपण होऊन माझी होडी त्याच्या हवाली केली होती. शिंगाडे काढायला वापरत असेल, किंवा कुणाला भाड्याने देत असेल.

पुढच्या रविवारी मी निघताना फळीखाली कडुनिंबाची एक काडी आडवी ठेवली. आठवड्याने ती नव्हती. त्यानंतर वल्ह्यावर खडूने खूण केली, तीही पुसलेली. त्याच्याशी मी नीट बोलेनासा झालो. एकदा तर तोंडावर म्हणालो, "तुम्हारे सिवा यहाँ तक कौन आ सकता है?" तो वाकून वेल सारखी करायला लागला. मला वाटलं, चोराला उत्तर कुठून सुचणार?

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. "जाऊ दे ना," म्हणाले. "होडी झिजत तर नाहीये."

शेवटी एका गुरुवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि मी तडक बरुआसागर गाठलं. होडी जागेवर नव्हती. तलावाच्या मधोमध ती दिसली. शेजारी ढीमराची डोंगी. होडीत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते बाबा होते. दर गुरुवारी ते सदर बाजारात जुन्या सोबत्यांकडे जातात, असं आम्ही घरचे समजत होतो.

मी काठावर उभा राहिलो. ते आले तेव्हा आधी ढीमर उतरला. मी त्यालाच विचारलं, "झूठ क्यों बोला?"

"बाबूजी ने कसम दई हती," तो म्हणाला.

"त्याला कशाला बोलतोस?" बाबा म्हणाले. "मी सांगितलं होतं. तुला कळलं असतं तर होडी विकून टाकली असतीस."

ते खरं होतं. तसा विचार मी दोनदा केला होता.

मी ढीमराची माफी मागितली. त्याने मान हलवली, चहाही घेतला. पण पुढचे कितीतरी रविवार, मी होडीत पाय टाकण्याआधी तो दोराकडे बोट दाखवायचा. "गाँठ देख लो, मास्साब." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते फार लागायचं.

त्या गुरुवारी बाबांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. "मी वल्हवत नाही," ते वाटेत दोनदा म्हणाले. "तोच दोराने ओढतो. मी नुसता बसतो." माझा विश्वास बसला. संध्याकाळी चहाचा कप देताना त्यांचा तळहात दिसला. बोटांच्या मुळाशी ताजे फोड होते.

"हे काय?"

"कुंड्या उकरल्या."

"आपल्याकडे एकच तुळस आहे, बाबा."

त्यांनी तळहात मिटून घेतला. मी त्या ढीमरावर संशय घेत होतो आणि खोटं माझ्या समोरच्या खुर्चीत बसून रोज जेवत होतं. राग आला, पण त्यापेक्षा भीती जास्त वाटली. मधोमध पाण्यात काही झालं असतं तर?

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि फोडांसकट सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बाबांना चार शब्द सुनावले आणि म्हणाले, सोबत कुणी असेल तर दहा मिनिटं, सावकाश.

आता रविवारी आम्ही दोघं जातो. पहिली दहा मिनिटं वल्हं त्यांच्याकडे असतं, आणि मी घड्याळ बघत बसतो. ते म्हणतात, अजून आठच झाली.