राहीकाकीची चौकशी

राहीकाकीचा नवरा बाबल्या मुंबईत दुसरं बिऱ्हाड करून बसला आणि त्याच्या लुळ्या आईचं हगणं-मुतणं काढत राहिली काकी. त्र्याऐंशी साली निराधारांच्या अनुदानासाठी तलाठी चौकशीला आला, तेव्हा आम्ही शेजारी ओटीवर होतो.

"कपाळाला कुंकू आहे, मग निराधार कशा तुम्ही?"

"नवऱ्याने टाकलंय मला," काकी पहिल्यांदाच चारचौघांत बोलली.

आतून खाटेवरची सासू ओरडली, "खोटं बोलत्येय ती! माझा बाबल्या दर गणपतीला येतो, खर्चाला देऊन जातो!"

मेला बाबल्या मुंबईला गेल्यापासून उंबऱ्याला शिवला नव्हता! पण म्हातारीचं ऐकून तलाठी कागद गुंडाळून उठलाच.

काकी पेज घेऊन आली आणि फुंकर घालून म्हातारीला भरवू लागली.

"मीठ कमी पडलंय गो," म्हातारी म्हणाली.