आईच्या नावाची परात

आमचा सूरज काल जेवता जेवता म्हणाला, "आई, बाबांचं ते डबडं भंगारवाल्याला दे की. कोण वापरतंय आता?" मी असली भडकले की पोरगं अर्ध्या ताटावरनं उठलं.

डबडं म्हणं! त्याच्या बापानं, आमच्या केरबा मालकांनी, सत्त्याण्णव साली आपल्या हातानं बनवलेला बॅटरी चार्जर हाय तो.

मालक वडापची, म्हंजे सीटा भरून न्यायची जीप चालवायचं, कोल्हापूर ते गगनबावडा. तिकडच्या पावसात लाईट न् वायपर दिवसभर चालू. बॅटरी पार मरून जायची, न् सकाळी आख्खी गल्ली जीप ढकलायला! एकदा गगनबावड्यासनं सांगावा आला, माझी आई चिमणाबाई दम लागून पडलीय. आणि त्याच दिवशी जीप ढकलूनबी चालू होईना. दुसऱ्या दिवशी पोचलो. आई वाचली, पण वाटभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मालक एवढंच म्हणालं, "परत असं व्हायचं न्हाय. बॅटरी रोज भरून ठेवतो."

मग काय, सैपाकघराचं गॅरेज झालं! जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर आणला, भंगारातल्या मशीनचा थायरिस्टर आणला. दिसायला बोल्टासारखा, पण बॅटरी भरली की करंट सोडायचा थांबतोय म्हणं. शेजारचा लालासाब रेडिओ दुरुस्त करायचा, त्यानं जोडणी सांगितली. पहिल्यांदा लावला तर थायरिस्टर असला तापला की घरभर वास. लालासाब म्हणाला, "केरबा, ह्याच्याखाली जर्मनचा, म्हंजे अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा पायजे. गरमी पत्र्यात उतरंल."

दुसऱ्या दिवशी पीठ मळायला बसले तर परात गायब. लग्नात आईनं दिलेली जर्मनची परात, "चिमणाबाईकडून चि. ललितास" असं नाव घातलेली! परसात तिचं तुकडं पडलेलं. मी तोंड सोडलं ते सोडलंच. "मुडदा बशिवला तुमच्या चार्जरचा! दुसरं भांडं गावलं न्हाय व्हय?"

मालकांनी हळूच चार्जर माझ्याकडं फिरवला. नावावर कातर लावली नव्हती. नावाचा तुकडा आख्खा ठेवून त्याच्यावरच थायरिस्टर बसवलेला, नाव बाहेरच्या अंगाला. तरी मी आठवडाभर बोलले न्हाय. परात ती परात.

श्रावणात परत सांगावा आला. आई आता रात काढत न्हाय म्हणं. धो धो पाऊस, एस्टीचा पत्ता न्हाय. मालकांनी चार्जरचं चिमटं काढलं, बॅटरी जीपमध्ये बसवली न् किल्ली फिरवली. एका सेल्फला जीप चालू! मला तिथंच रडू फुटलं.

आईचा श्वास चालू होता. माझा आवाज ऐकून तिनं डोळं उघडलं. "एवढ्या पावसात कशी आलीस गं?"

"तुझ्या परातीनं आणलं."

तिला काय कळणार? म्हणाली, "परात हाय न्हवं नीट? नाव पुसलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आई. नाव हाय तसं हाय."

तिनं माझा हात धरला. संध्याकाळी तो मलाच सोडवावा लागला.

मालकबी गेलं गेल्या वर्षी. चार्जर फळीवर हाय, मी रोज पुसते म्हणून नाव अजून लख्ख वाचता येतंय. आणि हा सूरज म्हणतोय, भंगारात घाल.

घालू?