मांडीवरची कोंबडी

प्राणायामाने माझं छातीचं दुखणं गेलं, असं मी जव्हारच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत कितीदा तरी सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. आता ते मनाला खातं. श्रेय माझं नाही, एका कोंबडीचं आणि तिच्या मालकिणीचं आहे.

पत्नी गेल्यापासून छाती दुखायची. तपासण्यांत काही निघेना. तरी मी एक हात छातीवर धरूनच वावरायचो, जणू हात काढला की हृदय बंद पडेल. मोखाड्याच्या बाजारातून जीपने परतताना शेजारी एक म्हातारी बसली. कपाळावर गोंदण, दातांना मशेरी. तिला पिशव्या आवरेनात, म्हणून न विचारताच तिने कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली.

"दोन्ही हातांनी धर, बाबा. नायतर उडंल."

छातीवरचा हात काढावाच लागला. कोंबडीचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. प्रत्येक वळणावर मी तिला म्हणत होतो, "घाबरू नको. काही होत नाही तुला."

म्हातारी हसली. "तिला सांगतो का सोताला?"

मी कोंबडी आणखी घट्ट धरली. छातीत दुखायचं थांबलं होतं.

फाट्यावर उतरताना तिने कोंबडी घेतली. मी म्हटलं, "नीट सांभाळा हिला."

"सांभाळू कशाला? जावई आलाय ना घरी."

म्हणजे माझा दिलासा साफ खोटा होता. तरीही छातीत कळ आली की मी अजून तोच स्वतःला देतो, आणि तो लागू पडतो.